भिंतीवरची गल्ली

वकिलांनी स्टुलावर चढून भिंतीला टेप लावला, चष्मा कपाळावर सारला आणि खाली जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने जाहीर केलं, "चार बोटं! बेकरीवाल्यानं माझी चार बोटं जागा खाल्लीय."

"खाल्ली असेल तर एव्हाना पचलीसुद्धा," खालून बेकरीवाले म्हणाले. "उतरा आता. स्टूल स्वयंपाकघरातलं आहे, लोक खोळंबलेत."

"रंगारी, तुम्ही सांगा. आमची सामाईक भिंत नक्की कुठं होती?"

रंगारी म्हणजे माझे यजमान. हातात ब्रश, ब्रशला विटकरी रंग, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव. ते म्हणाले, "मध्ये होती."

"मध्ये म्हणजे कुणाच्या बाजूला?"

"मध्ये म्हणजे मध्ये, वकीलसाहेब."

"असे मोघम साक्षीदार मिळाले म्हणूनच माझा दावा लांबला," वकील म्हणाले आणि त्यांनी पेन्सिलीने भिंतीवर एक बारीक रेघ ओढली. बेकरीवाल्यांनी लगेच पुढे होऊन ती अंगठ्याने पुसली.

मला राहवलं नाही. "अहो, चित्र आहे ते!"

"वहिनी," वकील वरूनच म्हणाले, "आज चित्रात सोडलं की उद्या जमिनीत सुटलं. असं एकेक बोट सोडतच माणूस रस्त्यावर येतो."

रस्त्यावर तर आम्ही सगळेच केव्हाचे आलो होतो. पण हे स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला कोण सांगणार?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तो पीळ प्रत्यक्ष पाहायचा असेल तर आमच्या वकिलांना पाहावं. वकील ते नावापुरतेच. नोकरी केली शाळेच्या ऑफिसात, पण बेकरीवाल्यांशी असलेला सामाईक भिंतीचा दावा स्वतःच चालवायचे. कोर्टाच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या की गल्लीने त्यांना परस्पर पदवी देऊन टाकली. आता ती भिंत, ते कोर्ट, दाव्याचे गठ्ठे आणि आमची अख्खी गल्ली सरहद्दीच्या पलीकडे राहिली आहे आणि आम्ही अलीकडे. वादी आणि प्रतिवादी हल्ली मोज्यांच्या एका बंद कारखान्यात, एकाच प्लायवूडच्या दोन बाजूंना झोपतात. गंमत म्हणजे त्या प्लायवूडवरून त्यांचं एकदाही भांडण झालेलं नाही.

हा कारखाना इथल्या शहराने आम्हाला राहायला दिला. यंत्रं उचलून नेली होती, फरशीत बोल्टांची भोकं तेवढी राहिली होती. त्यांत पाय अडकून प्रत्येकजण एकदा तरी पडलेला आहे. वरच्या मजल्यावर प्लायवूडच्या खोल्या. खाली एक मोठं दालन, एका टोकाला सगळ्यांचं मिळून स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला रस्त्यावर उघडणारं दार, आणि मध्ये ही लांबलचक भिंत. त्या भिंतीवर आमचे रंगारी आमची गल्ली काढत होते. पण ब्रश त्यांच्या हातात परत कसा आला, ते आधी सांगायला हवं.

गल्ली आम्ही एका दुपारी सोडली. वरून तोफगोळे पडायला लागल्यावर कोण काय घेणार! मी गॅस बंद केला का, हे मला अजून आठवत नाही. पुढे एकदा दोन दिवसांपुरत्या तोफा थांबल्या. ज्यांना सामान आणायचं असेल त्यांनी जाऊन या, असं सांगण्यात आलं. कोणी धजेना. वकिलांचे गुडघे दुखत होते, बेकरीवाल्यांचं ब्लडप्रेशर, शिंपीणबाई तर एकट्याच. मग आमचे रंगारी म्हणाले, मी जातो. जन्म शिडीवर काढलेला माणूस, भीती त्यांना नसतेच असं मला वाटायचं.

परत आले ते रिकामी पिशवी काखेत घडी करून. सगळे भोवती गोळा झाले.

"आहे," ते म्हणाले. "सगळं आहे. वकीलसाहेब, तुमचं फाटक बिजागरीतून निखळलंय. बेकरीची चिमणी जरा कललीय. शिंपीणबाई, तुमची पाटी खाली पडलीय, पण धड आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच गेलीय, तेवढंच."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला काच नव्हती. फळी होती, यांनीच ठोकलेली. काच बसवा, काच बसवा म्हणून मी संसारभर घसा कोरडा केला होता.

चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायची मला सवय आहे, चांगली हातखंडा सवय आहे. पण त्या दिवशी जीभ उचलली नाही. आपलं घर गेलं, हे मला उभ्याउभ्या कळलं. बाकीच्यांचं राहिलंय, निदान त्यांना तरी आनंद होऊ दे, असं मनात म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं. फाटकाला कोणता लोहार गाठायचा यावर वकील त्या दिवशी कितीतरी वेळ बोलत होते.

तेव्हापासून रंगाऱ्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पडून राहायचे, कुशी बदलायचे, उठायचे, बोल्टांची भोकं चुकवत कारखाना पालथा घालायचे. सकाळी डोळे लाल. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. यांच्यावर काही परिणाम होईना. वाया जाऊ नये म्हणून त्यातली एक मी घेतली, तर जेवणाच्या वेळेपर्यंत मला कोणी उठवू शकलं नाही. शहरात रंगाचं काम भरपूर होतं, दोन मुकादम आपणहून विचारून गेले. हे म्हणाले, हात दुखतो. कुठला हात विचारलं तर एकदा उजवा म्हणाले, एकदा डावा. वर्ष असंच गेलं, आणि माझा धष्टपुष्ट माणूस शर्टाच्या आत दिवसेंदिवस लहान होत चालला.

तेवढ्यात चित्रवाल्या बाई आल्या. एका संस्थेतल्या, इथल्याच, फार मायाळू बाई. त्यांनी सगळ्यांना टीचभर कागद आणि काडीएवढे ब्रश वाटले आणि म्हणाल्या, "तुमच्या मनातलं घर काढा."

"मनातलं, का होतं ते?" शिंपीणबाईंनी विचारलं. कापड बेतण्याआधी माप विचारायची त्यांची सवय.

"मनातलं," बाई म्हणाल्या. या एका शब्दाने पुढे काय रामायण होणार आहे, याची त्यांना बिचारीला कल्पना नव्हती.

सगळ्यांनी त्रिकोण-चौकोन काढले. रंगारी बराच वेळ तो ब्रश कान कोरायच्या काडीसारखा धरून बसले, मग बाटलीतला पांढरा घेऊन अख्खा कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सफाईने पांढरा करून टाकला. बाई पाहतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती पोकळी आहे यात," त्या म्हणाल्या.

"पहिला हात आहे," रंगारी म्हणाले. "वाळल्यावर दुसरा देऊ."

पण बाई हुशार. या माणसाचा हात कागदात मावत नाही, हे त्यांनी ओळखलं. आठवड्याभरात परवानगी आणली, डबे आणले, रुंद ब्रश आणले, आणि खालची भिंत यांच्या ताब्यात दिली. रंगाऱ्यांनी ब्रशाचे केस अंगठ्याने मोडून पाहिले, नाक मुरडलं, आणि पॉलिशपेपर मागितला. मी वर जाऊन तोंड धुतलं. रडले असं म्हणत नाही, पण तोंड धुतलं.

मला एकच हवं होतं. त्या भिंतीवर, गल्लीच्या टोकाला, आमचं घर त्यांच्या हातून उतरायला हवं होतं. पलीकडे काय पाहिलं ते हा माणूस सांगत नव्हता, आणि मी विचारत नव्हते. एकदा का घर भिंतीवर उतरलं, की छातीवरचं ओझंही उतरेल आणि हे झोपतील, असं माझ्या मनाने घेतलं होतं. खुळेपणा म्हणा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी काय मोठे दिवे लावले होते?

"आपलं घर कधी?" मी रोज विचारायची.

"शेवटाला. गल्लीत शेवटी आहे ना, म्हणून शेवटी."

सुरुवात छान झाली. स्वयंपाकघराकडून आधी शिंपीणबाईंचं घर, मग बेकरी, मग वकील, आणि रस्त्याच्या दाराला लागून आम्ही, असा बेत होता. शिंपीणबाईंचं घर उभं राहिलं तशा त्या येऊन पदराने डोळे पुसून गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या.

"रंगारीदादा, माझ्या मनात दुसरा मजला होता."

"होता?"

"मनात होता. बाई म्हणाल्या ना, मनातलं काढा. आणि वर जायला बाहेरून जिना."

रंगाऱ्यांनी जन्मभर गिऱ्हाईक म्हणेल तो रंग दिलेला. त्यांनी मजला चढवला आणि जिना काढला. जिन्याने पायरीमागून पायरी जागा घेतली आणि बेकरी पुढे सरकली. मग बेकरीवाले म्हणाले, शिंपीणबाईंचा मजला होतो तर माझं पिठाचं गोदाम का नको? गोदाम झालं. वकिलांनी बिनपरवाना बांधकामाला हरकत घेतली, मजल्यामुळे आपली हवा अडते असा तोंडी अर्ज केला, आणि हरकत नोंदवून झाल्यावर स्वतःसाठी बैठकीची खोली मागून घेतली. पुढे फाटक. फाटक रंगाऱ्यांनी स्वतःहून काढलं, एका बिजागरीवर लोंबणारं, त्यांनी सांगितलं होतं तस्सं.

मग निघाला धुराचा वाद. बेकरीचा धूर जन्मभर वकिलांच्या खिडकीत जायचा. तो तसाच दाखवा, पुरावा राहील, असं वकिलांचं म्हणणं. धूर नेहमी उलट दिशेला जायचा, असं बेकरीवाल्यांचं. दोघं एवढे हमरीतुमरीवर आले की स्वयंपाकघरातली डाळ लागली. शेवटी रंगाऱ्यांनी धूर सरळ वर सोडला. एवढा सरळ धूर आमच्या गल्लीत कधी कोणी पाहिलेला नाही.

थोडक्यात, तोफांनी उडवलेली गल्ली भिंतीवर भलतीच भरभराटीला आली. इतकी, की वकिलांचं फाटक जवळजवळ रस्त्याच्या दाराला येऊन टेकलं. रविवारी नगरपालिकेचे साहेब उद्घाटनाला येणार होते. शनिवारी मी विचारलं, "आपलं घर?"

रंगाऱ्यांनी ब्रश डब्यात बुडवला. "जागाच कुठंय? बघ ना, संपली भिंत."

वाईट वाटल्याचं तोंड केलं होतं त्यांनी, पण मी त्या तोंडाबरोबर आयुष्य काढलंय. जागा संपली म्हणून त्या माणसाला हायसं वाटलं होतं. माझा तोल गेला. त्यांच्यावर ओरडून उपयोग नव्हता, म्हणून मी जिना चढून तडक वकिलांच्या खोलीत गेले.

वकील खाटेवर बसून बटाटे सोलत होते. शनिवारी त्यांची पाळी असते.

"तुमचं पोट भरलं का?" मी विचारलं. "चार बोटं, चार बोटं करत आमचं अख्खं घर गिळलंत. गल्लीत सगळ्यांची घरं उभी आहेत म्हणे तिकडे. एक आमचंच नाहीये, आणि इथंही त्याला जागा नाही!"

बोलले आणि जीभ चावली. आमचं घर पडलंय, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

वकिलांनी सुरी खाली ठेवली. "वहिनी, बसा."

"बसायला नाही आले मी."

"बसा हो. एक सांगतो. माझ्या घराला फाटक नव्हतं."

मला काही कळेना. "म्हणजे?"

"दोन खांब होते. त्यातला एक खांब कुणाच्या हद्दीत, हे ठरेपर्यंत फाटक लावायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. रंगाऱ्यांनीच तर ते खांब रंगवले होते. ते फाटक बिजागरीतून निखळेल कसं?"

मी बसले. रोज पाहिलेले ते दोन नुसते खांब मला आत्ता आठवले; आपल्याच घराच्या दुःखात ते ध्यानात आलेच नव्हते. प्लायवूडच्या पलीकडून बेकरीवाल्यांचा आवाज आला, "आणि आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी मी चिमणी साफ करायला उतरवली होती. अंगणात आडवी पडलेली. आडवी चिमणी आणखी किती कलणार?"

"तुम्ही दुसऱ्याच्या खोलीतलं ऐकू नका," वकील म्हणाले.

"मग तुम्ही हळू बोला."

म्हणजे फाटक नाही, चिमणी नाही, काच नाही. म्हणजे गल्लीच नाही, आणि हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटत होतं मी एकटीच गप्प आहे.

"मग लोहाराचं काय एवढं बोलत होतात त्या दिवशी?"

"काहीतरी बोलायला हवं होतं," वकील म्हणाले. बटाटा हातात फिरवत राहिले. "वहिनी, त्या माणसानं तिथं काय पाहिलं असेल ते असेल. पण येताना अख्ख्या वाटेत त्यानं आमच्यासाठी एकेक वस्तू आठवली, आणि आम्हाला खरं वाटावं म्हणून जरा जरा मोडून आणली. त्याला काय म्हणायचं, फाटक नव्हतं म्हणून?"

"आणि हा टेप? ही भांडणं? तेही नाटकच का?"

"छे छे!" वकील एकदम ताठ झाले. "ते खरं आहे. त्यानं जागा खाल्लीच आहे."

पलीकडून प्लायवूडवर बुक्की बसली.

यांना हे सांगायला हवं, यावर आमचं तिघांचं एकमत झालं. कोणी सांगायचं यावर झालं नाही. मी म्हटलं, बोलणं तुमचा धंदा. वकील म्हणाले, बायको तुम्ही. बेकरीवाले म्हणाले, माझं ब्लडप्रेशर. बटाटे मात्र सगळे सोलून झाले.

रविवारी सकाळी रंगारी भिंतीशी उकिडवे बसून फाटकाच्या लोंबत्या बिजागरीला शेवटचा हात देत होते. साहेब यायला अवकाश होता. चित्रवाल्या बाई फीत बांधत होत्या. वकील स्टूल घेऊन आले, पण चढले नाहीत, त्यावर बसले.

"रंगारी, ते फाटक पुसा."

"का? रंग आवडला नाही?"

"मला फाटक नव्हतं."

ब्रश जागच्या जागी थांबला. बेकरीवाले पुढे आले, घसा खाकरला, आणि चिमणीचं सांगून टाकलं, तेही खाली बघत, जणू चूक त्यांचीच होती. मग शिंपीणबाई आल्या. बगलेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. चादर सोडली तर आत त्यांची पाटी, 'येथे कपडे शिवून मिळतील', जशीच्या तशी.

"निघताना मशीन उचलेना," त्या म्हणाल्या. "म्हणून ही घेतली. माझ्या खाटेखालीच आहे पहिल्यापासून, दादा."

रंगारी पाटीकडे बघत राहिले. ती अक्षरं त्यांच्याच हातची होती. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तुलाही?"

"काच," मी म्हटलं.

त्यांनी जरा विचार केला. "फळी होती."

"फळी होती. किती वर्षं डोकं खाल्लं होतं मी तुमचं."

रंगारी फरशीवर बसले आणि हळूहळू बोलायला लागले. "काही नव्हतं. गल्ली सुरू कुठं होते तेच समजेना. मी आपलं घर शोधत बराच वेळ हिंडलो. मग सापडलं असं वाटलं, बसलो तिथं जरा वेळ. उठताना बघतो तर विटा दुसऱ्याच कुणाच्या."

"कुणाच्या?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"ते आता राहू द्या," वकील म्हणाले. हद्दीचा प्रश्न त्यांनी सोडून दिलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"मग बोलला का नाहीत कुणी?" रंगाऱ्यांचा आवाज चिरकला. "वर्षभर मी... तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला."

शिंपीणबाई म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या लांबून आमच्यासाठी घरं घेऊन आलात, दादा. नको कसं म्हणायचं?"

मग रंगारी रडले, मोठ्याने. कोणी त्यांना उगी म्हटलं नाही. चित्रवाल्या बाईंना आमच्या बोलण्यातलं अर्धंच समजत होतं, पण त्या फीत हातात धरून आमच्या सगळ्यांहून जास्त रडत होत्या.

वकिलांनी नाक शिंकरलं आणि उभे राहिले. "फाटक पुसा. आणि बैठकीची खोलीपण. तेवढ्यात तुमचं घर बसेल."

"बैठक राहू द्या, वकीलसाहेब. हौसेनं मागितलीत."

"पुसा म्हणतो ना. माझे सगळे हक्क राखून."

रंगाऱ्यांनी फाटक पुसलं, बैठक पुसली, त्यावर पांढऱ्याचा हात दिला. भिंतीवर आमच्याएवढी जागा रिकामी झाली. मग ते डबे हलवून बघत म्हणाले, "रंग संपलेत. तळाला आहे सगळ्यात थोडं थोडं."

"आपलं घर नव्या डब्यातून कधी रंगलं होतं?" मी म्हटलं.

खरंच होतं ते. लोकांची घरं रंगवून डब्याच्या तळाला जे उरेल ते हे घरी आणायचे आणि उरलेलं संपेपर्यंत भिंतीला लावायचे. दवाखान्याचा निळा, शाळेचा पिवळा, कुणाच्या तरी लग्नघराचा गुलाबी. एक रंग अर्ध्या भिंतीत संपायचा, तिथून दुसरा. घरी कोणी आलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकसारख्या रंगाची एक भिंत द्या हो मला, म्हणून मी किती भांडले असेन.

"निळा कुठवर होता?" त्यांनी विचारलं.

"कपाटापर्यंत. मग पिवळा."

"मग गुलाबी."

"गुलाबी मोरीकडे! स्वतःचं घर आठवेना होय?"

"मोरीकडे करडा होता, बँकेचा."

"बँकेचा करडा माझ्या माळ्याला होता. तुम्ही घरी असायचात कधी?"

असे भांडत आम्ही घर काढलं. म्हणजे मी भांडत होते आणि ते काढत होते. वकील, बेकरीवाले, शिंपीणबाई मागे उभे राहून आळीपाळीने आमच्या दोघांची बाजू घेत होते. खिडकी आली, फळी आली. दारासमोरची ती पायरी आली, जिच्यावर बसून हे संध्याकाळी ब्रश धुवायचे. डब्यांचे तळ खरवडून झाले. ठिगळांचं, विटकं, माझ्या जन्माची लाज काढणारं ते घर भिंतीवर उभं राहिलं, आणि मला ते इतकं आवडलं की काय सांगू.

काम झालं की चार पावलं मागे जाऊन बघायची रंगाऱ्यांची रीत. त्या दिवशी ते मागे गेले नाहीत. ब्रश डब्यावर आडवा ठेवला, वळले, आणि तिथंच खाली बसून त्यांनी भिंतीला पाठ टेकली. ओल्या रंगाला. हाच माणूस, भिंतीच्या हातभर जवळ कुणी गेलं तर शिडीवरून खेकसणारा. मी "अहो, रंग" म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांची मान खांद्यावर कलली होती. जरा वेळाने घोरणं सुरू झालं. वर्षभर मी त्या घोरण्याची वाट पाहत होते. लग्न झाल्यापासून त्या आवाजाला शिव्या घालत आले होते.

बाहेर गाडी थांबली. नगरपालिकेचे साहेब, मागे दोन माणसं, कात्री ठेवलेलं तबक, एक फोटोग्राफर, असा लवाजमा बोलत बोलत दाराशी आला. वकील आपले दुखरे गुडघे घेऊन शक्य तितक्या घाईने पुढे झाले आणि दोन्ही हात पसरून दार अडवून उभे राहिले.

"हळू, साहेब," ते दबक्या आवाजात म्हणाले. "रंगारी घरी आहेत. झोपलेत."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावरून आत भिंतीकडे पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि दाराबाहेरच वाकून बूट काढले.